सिरमसाठी सोलापूर गाठायचं कुठवर?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : रेबीजचं सिरम आणि तंबाखूच्या कुळातलं एक रोप

साहेब, सप्रेम नमस्कार.

विषय वाचून कुणी हे पत्र कृषी खात्याकडे ढकलू नये, एवढी पहिली विनंती. मी शेतकरी आहे, पण काम तुमच्याकडे आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सालगड्याच्या सहा वर्षांच्या पोराला वस्तीवर कुत्रं चावलं. गालाला आणि मनगटाला. आईनं जखमेत हळद भरली होती. ती धुऊन काढली, साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धरलं आणि मोटारसायकलवर घालून जवळचा सरकारी दवाखाना गाठला. तिथं लस होती, सिरम नव्हतं. सिस्टरनं चिठ्ठी लिहिली : तिसऱ्या श्रेणीचा (म्हणजे सगळ्यात गंभीर) चावा, सोलापूरला न्या. पोचेस्तोवर दिवेलागण झाली. डॉक्टरांनी आधी हातावर टेस्टचा बारीक फुगा उठवला, थोडा वेळ थांबले, मग जखमेच्या कडेकडेनं सुई टोचत औषध भरलं. गालात सुई, साहेब. बापानं डोकं धरलं होतं, मी पाय. पोरगं आता बरं आहे, शाळेत जातं.

टेस्ट कशाला, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, सिरम घोड्याच्या रक्तातून येतं, एखाद्याला रिॲक्शन येते. लस शरीराला लढायला शिकवते, पण त्याला आठवडा-दीड आठवडा जातो. तोवर विषाणू मज्जातंतूतून मेंदूकडं सरकू नये म्हणून तयार प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, जखमेतच भरायची, हे सिरमचं काम. एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर इलाज नाही. म्हणजे असल्या चाव्यावर नुसती लस देऊन घरी पाठवलेला माणूस अर्ध्याच उपचारावर असतो.

घोड्याशिवायही मार्ग आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रेबीजवरचं मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्याचं, प्रतिपिंड बाजारात आहे. ते हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत, मोठाल्या टाक्यांत वाढवतात. आणि तिसरा मार्ग, ज्याच्यासाठी हे पत्र, तो पानातून जातो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जनुक घातलेल्या तंबाखूच्या झाडात माणसाचं रेबीजविरोधी प्रतिपिंड बनवलं आणि त्यानं हॅमस्टर वाचवले. माणसांसाठी ते अजून बाजारात आलेलं नाही.

तंबाखू म्हटलं की आम्हा सोलापूरकरांना पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायका आठवतात, तिचं काही चांगलं ऐकायची सवय नाही. पण हल्ली या कामाला वापरतात ते रोप विडीतलं नव्हे. निकोटियाना बेंथामियाना, ऑस्ट्रेलियातली एक रानटी बहीण, टिचभर उंचीची. गुलाबाच्या मुळांवर गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणू असतो ना, त्याच्यात हवं ते जनुक घालतात. रोपं उलटी करून त्या जिवाणूच्या पाण्यात बुडवायची, हवा ओढून घ्यायची, परत सोडली की पानं स्पंजासारखी पाणी पितात. आठवडाभरात पान प्रथिन बनवतं. मग पाला कुटायचा, गाळायचा, शुद्ध करायचा. रोप बी धरायच्या आत कापलं जातं, आणि त्या जनुकाचा वंश पुढं चालत नाही.

२०१४ मध्ये लायबेरियात इबोला झालेल्या दोन अमेरिकन आरोग्यसेवकांना दिलेलं झीमॅप हे औषध याच रोपात बनलं होतं, केंटकीत. खरं तेही सांगतो : काँगोतल्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला, तेव्हा टाकीत वाढवलेल्या प्रतिपिंडांची दोन औषधं झीमॅपच्या पुढं गेली. कॅनडानं २०२२ मध्ये मेडिकागो कंपनीची याच रोपातली कोविड लस मंजूर केली. पण कंपनीत सिगारेटवाल्या फिलिप मॉरिसचा हिस्सा, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं तिला दारात उभं केलं नाही, आणि २०२३ मध्ये कंपनीच बंद झाली. पानानं काम केलं होतं. मालकीनं घात केला.

म्हणून माझं मागणं हाफकिनसाठी आहे. मुंबईचं हाफकिन महामंडळ राज्य सरकारचं, पिंपरीत घोड्यांपासून सिरम बनवायचा त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. त्यांना पानातल्या रेबीज-प्रतिपिंडाचं काम द्या, पैसे द्या, आणि त्यातलं एक बंदिस्त हरितगृह सोलापुरात उभारा. माझं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस घ्या असं म्हणत नाही. एप्रिलात आमच्याकडं पारा त्रेचाळीसला जातो तेव्हा आतला जरबेरा शिजतो, आणि कागद दोन ठिकाणी फाटलाय. या कामाला नीट गार केलेली, जाळीबंद, दुहेरी दाराची इमारत लागेल. माणसं मात्र इथं मिळतील. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, शहरात सरकारी मेडिकल कॉलेज आणि विद्यापीठ आहे. शिवाय डाळिंबावरच्या तेल्या रोगानं आमच्या पोरांना प्रत्येक झाडानंतर कात्री औषधात बुडवायला शिकवलंय. असली शिस्त भाषणानं येत नाही, बाग गेल्यावर येते.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. औषधाचं जनुक खाण्याच्या पिकात आणि उघड्या रानात नको, कधीच नको. २००२ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कात काय झालं ते आपल्या अधिकाऱ्यांना काढायला सांगा. प्रोडिजीन कंपनीनं औषधी मका लावला होता. पुढच्या साली त्याच रानात सोयाबीन घेतलं, सांडलेलं मक्याचं बी त्यात उगवलं, आणि ते सोयाबीन गोदामातल्या मालात गेलं. सुमारे साडेतेरा हजार टन माल नष्ट करावा लागला. आमच्या बार्शीकडच्या कुठल्याही सोयाबीनच्या फडात जाऊन बघा, गेल्या सालचं बी आपसूक उगवलेलं दिसेल. उद्या कुणी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीत औषध पिकवायची योजना आणली, तर पहिला मोर्चा माझाच असेल. शेतातल्या जनुकीय चाचणीला राज्याचं ना हरकत लागतं. औषधी पिकांना उघड्यावर ते मिळणार नाही, असं मंत्रिमंडळाकडून आत्ताच कागदावर घ्या. कंपनी दारात आल्यावर घेतलेल्या निर्णयाला वेगळा वास येतो.

हे सगळं व्हायला वर्षं जातील, मला कळतं. चाचण्या आहेत, शुद्धीकरणाचा खर्च आहे, आणि त्यातच काम अडकेलही. तोवर घोड्याचं असो की टाकीतलं, सिरम तालुक्याला ठेवा. त्या दवाखान्यातला फ्रिज मी पाहिला. लस होती वरच्या कप्प्यात. खालचा रिकामा होता.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातला एक पॉलिहाऊसवाला शेतकरी