काकूंच्या ट्रंकेतील कागद : स्क्रॅपबुक करू पाहणाऱ्या मित्रास पत्र

पुणे,
१८ नोव्हेंबर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मनापासून आनंद झाला. मे महिन्यात काकूंची पंचाहत्तरी आहे, त्यांच्या लग्नातील ट्रंक तू माळ्यावरून उतरवली आहेस आणि तिच्यातील फोटो, पत्रे, तिकिटे, निमंत्रणपत्रिका यांचे स्क्रॅपबुक करून त्यांच्या हाती द्यावे असे तुझ्या मनात आहे. याहून चांगली भेट मला तरी सुचली नसती. सामान कोणते घ्यावे, सुरुवात कुठून करावी आणि चित्रकला न येणाऱ्याला हे जमेल का, असे तू विचारले आहेस. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चित्रकलेचा यात फारसा संबंध नाही. हस्ताक्षर वाचता येण्याजोगे असावे आणि ज्यांच्या आठवणी जपायच्या त्यांच्याविषयी आस्था असावी, एवढे पुरते, आणि या दोन्ही गोष्टी तुझ्यापाशी आहेत.

सामानासाठी मात्र लगेच बाजार गाठू नकोस. हल्ली या छंदाचे तयार संच मिळतात, त्यांत नक्षीचे कागद, स्टिकर, कापडी फुले, रिबिनी असे बरेच काही असते, आणि ते पाहता पाहता वहीचा मूळ विषय मागे पडतो. तुझे पहिले काम काकूंशेजारी बसण्याचे आहे. दुपारची निजानीज आटोपली की पलंगावर धुतलेली चादर अंथर, हात धुऊन अगदी कोरडे कर आणि एकेक फोटो त्यांच्यासमोर ठेव. कोण, कुठे, कधी, एवढ्यावर थांबू नकोस. फोटो कोणी काढला, अंगावरची साडी कोणी दिलेली, त्या दिवशी घरात कोण रुसले होते, हेही विचार. त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेव, कारण समोर बसून तू लिहून घेऊ लागलास की त्या संकोचतील आणि मोजकेच बोलतील. आमच्या घरी आईच्या माहेरचा एक मोठा समूहफोटो आहे, आणि त्याच्या मागच्या रांगेतील निम्म्या माणसांची नावे आता कोणालाच सांगता येत नाहीत. तुझ्याकडे नावे सांगणारे माणूस घरात आहे, म्हणून कात्री आणि डिंकापेक्षा मी या दुपारींना अधिक महत्त्व देतो.

कळलेली नावे फोटोच्या पाठीमागे लगेच लिहून टाक, पण बॉलपेनने नव्हे. बॉलपेनचा दाब पुढल्या बाजूवर वळासारखा उमटतो आणि शाई कालांतराने पसरते. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या पाठीवर मऊ पेन्सिल, म्हणजे टूबी किंवा फोरबी, हलक्या हाताने चालते. नंतरच्या काळातील गुळगुळीत, प्लॅस्टिकचा थर असलेल्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही; ते फोटो पाकिटांत घाल आणि पाकिटावर आधी लिहून मगच फोटो आत सरकव.

आता विषय. काकूंचे सगळे आयुष्य एका वहीत बसवायचे ठरवलेस तर मे उजाडेल आणि वही निम्म्यावरच असेल. म्हणून १९६९ सालच्या लग्नापासून तुम्ही भावंडे शाळेत जाऊ लागेपर्यंतचाच काळ घे. त्या वर्षांचे फोटो मोजके आहेत, पण कागदपत्रे भरपूर आहेत असे तूच लिहितोस, आणि माझ्या मते स्क्रॅपबुकला हेच प्रमाण मानवते. नुसते फोटो लावायचे तर अल्बम पुरे आहे. किराण्याची यादी, मनीऑर्डरची पावती, काकांनी मुंबईहून धाडलेले आंतरदेशीय पत्र, असे कागद फोटोशेजारी आले म्हणजे त्या दिवसांतले घर उभे राहते.

कागद आणि चिकटवण्याची साधने यांविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वही टिकणार की नाही हे तिथेच ठरते. वर्तमानपत्राचा कागद उन्हात काही दिवसांतच पिवळा पडतो हे आपण पाहतोच. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचे द्रव्य असते, ते हवा आणि उजेड लागून पिवळे पडते. त्यातच कागदातील आम्ल तंतू कमकुवत करत जाते आणि शेजारच्या फोटोलाही बाधते. म्हणून वहीचा कागद आम्लरहित आणि लिग्निनरहित असावा. त्यासाठी परदेशी कागदच हवा असे नाही. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निन जवळजवळ नसतेच, आणि आपल्याकडे त्याची परंपराही आहे: दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या धंद्यावरून पडले, आणि इथे पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालापासून आहे. विकत घेताना कागद सुती लगद्याचा आहे का, आणि तो आम्लरहित आहे का, हे दोन्ही विचारून घ्यावे, कारण हाताने केलेला प्रत्येक कागद तसा असतोच असे नाही.

आकाराविषयी थोडक्यात सांगतो. या छंदात बारा इंच लांब व बारा इंच रुंद असे चौरस पान सर्वाधिक रूढ आहे आणि त्यावर चार बाय सहाचे तीन-चार फोटो व मजकूर ऐसपैस मावतो. मात्र तुझे पहिलेच काम आहे आणि काकूंना वही मांडीवर घेऊन पाहायची आहे, तेव्हा ए-फोर आकाराच्या सुट्या पानांची, स्क्रूने आवळायची वही तुला सोयीची पडेल. पान चुकले तर तेवढेच काढता येते, आणि वही फुगली तर स्क्रू बदलून ती वाढवता येते.

चिकटवण्याच्या बाबतीत माझा एकच आग्रह आहे: मूळ फोटोच्या पाठीला काहीही चिकटवू नकोस. सेलोटेप पिवळी पडते, तिचा गोंद कागदात झिरपतो आणि डाग कायमचा राहतो. लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने पान सुरकुतते आणि फोटो पुन्हा सुटत नाही. दुरुस्तीच्या कामात जाणकार गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, परंतु तुमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत खळीवर कसर लागण्याची भीती अधिक, म्हणून घरगुती वहीला ती मी सुचवणार नाही. फोटोसाठी कोपरे लाव, आणि ते घरीच कर. चांगल्या कागदाची दोन सेंटिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर लांब पट्टी काप. वरच्या कडेचा मध्य धरून दोन्ही बाजू खाली अशा दुमड की त्या मधोमध एकमेकींना भिडतील आणि वर टोकदार त्रिकोण तयार होईल. खाली उरलेल्या शेपट्या त्रिकोणाच्या पायाशी सरळ कापून टाक. त्रिकोणाच्या आत फोटोचा कोपरा सरकतो आणि मागच्या घड्यांना आम्लरहित गोंदाचा बारीक ठिपका लावला की तो पानावर बसतो. चारही कोपरे फोटोला चढवून मगच पानावर टेकवावेत, म्हणजे ताण येत नाही. फोटो हवा तेव्हा निघतो, आणि पाठीवरचा स्टुडिओचा शिक्काही वाचता येतो.

तुझ्या मुंजीचे फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत, हे मला आठवते. त्या पानांवर गोंदाचे पट्टे असतात, वर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक येते, आणि वर्षे गेली की फोटो त्यांना घट्ट धरून बसतो. नखाने उचकटू नकोस. दात साफ करण्याचा, बिनवासाचा फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागे घालून करवतीसारखा सावकाश ओढत ने. बहुतेक फोटो सुटतात. जो सुटत नाही त्याचा जागच्या जागी मोबाइलवर फोटो घे आणि मूळ फोटो तसाच राहू दे. शिवाय कोणी कितीही आग्रह केला तरी पत्रिका किंवा पत्र लॅमिनेट करू नकोस. उष्णतेने चिकटवलेले ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि जुना कागद त्यात कायमचा अडकतो. पत्रांसाठी पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पाकिटे घे; ज्या प्लॅस्टिकला रेक्झिनसारखा उग्र वास येतो ते पीव्हीसी असण्याची शक्यता असते, ते टाळ. कागदांना लावलेल्या टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना आधी काढ, समुद्राजवळच्या हवेत त्या गंजल्याखेरीज राहत नाहीत. बँकेच्या यंत्राच्या पावतीसारखे उष्णतेने छापलेले कागद आपोआप पुसट होतात, त्यांची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून तीच लाव.

एक पान कसे रचावे, हे तुझ्याच सामानातून सांगतो. काका-काकू लग्नानंतर रत्नागिरीहून आगबोटीने मुंबईस गेले, त्या प्रवासाचे तिकीट ट्रंकेत आहे असे तू लिहिलेस. त्या पानावर भाऊच्या धक्क्यावरचा त्या दोघांचा फोटो हा एकच मोठा फोटो असावा, आणि तो अगदी मध्यभागी न ठेवता किंचित डावीकडे, वरच्या अंगाला असावा. त्याच्या खाली तिकीट लहानशा पाकिटात ठेव, म्हणजे ते बाहेर काढून हातात घेता येईल. उजवीकडचा उभा भाग पूर्णपणे मजकुरासाठी मोकळा सोड. तिथे काकूंच्याच शब्दांत लिही: पडावातून बोटीवर चढताना कोणी हात दिला, बोट लागली तेव्हा काय केले, डब्यात काय होते, मुंबई प्रथम दिसली तेव्हा काय वाटले. मजकूर हाताने लिही. आर्किटेक्ट वापरतात ती पिगमेंट शाईची बारीक टोकाची पेने घे. त्यांची शाई पाण्याने पसरत नाही आणि सहसा फिकटत नाही. आधी कच्च्या कागदावर लिहून ओळी मोजून घे, मग पानावर पेन्सिलीने रेघा आखून उतरव. सजावट म्हणून त्या काळातील एखादे टपाल तिकीट किंवा काकूंच्या जुन्या पातळाच्या काठाची अरुंद पट्टी पुरे. तिच्याखाली मात्र वेगळा कागद लाव, कारण कापडाचा रंग उतरू शकतो.

माणसांना हे करावेसे फार पूर्वीपासून वाटत आले आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने १८७३ साली आधीच गोंद लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट घेतले, पाण्याचा बोळा फिरवला की कात्रण चिकटे. आजच्या पद्धतीच्या छंदाला मोठी चालना मिळाली ती १९८० साली, सॉल्ट लेक सिटी येथील अभिलेखविषयक जागतिक परिषदेत युटा राज्यातील मॅरिएलन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या पन्नासएक वह्या मांडल्या तेव्हा. त्या कामाचा गाभा घरच्या माणसांची लिहून ठेवलेली हकीकत हाच होता, म्हणून ते उदाहरण मला सजवलेल्या पानांच्या चित्रांपेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

काम आता, थंडीच्या दिवसांत, उरकून घे. पावसाळ्यात रत्नागिरीत ट्रंक उघडी ठेवणे धोक्याचे आहे. पूर्ण झालेली वही आडवी, भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेव, शेजारी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असू देत आणि पावसाळा संपला की त्या बदल. डांबरगोळ्या फोटोंच्या जवळ नकोत. आणि वहीत लावण्याआधी प्रत्येक फोटोची, पत्राची स्कॅन केलेली प्रत काढून ताईकडे नाशिकला पाठव, म्हणजे दोन घरी राहील.

माझा भाचा पुढच्या शनिवारी रत्नागिरीला येतो आहे, त्याच्याबरोबर सुती हातकागदाचे एक बंडल, दोन पेने आणि मी केलेले काही कोपरे नमुन्यादाखल पाठवतो. बोटीच्या पानाचा कच्चा मजकूर झाला की तेवढा मला धाड, काकूंचे बोलणे त्यात जसेच्या तसे उतरले आहे का ते मी पाहीन. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद