शिकाऊ उमेदवाराची वही एकदा उघडून पाहा: कौशल्य विकासमंत्र्यांना खुले पत्र

मा. कौशल्य विकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, आहे. आमची मुलं पास झाली की शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यांत जातात. मुदत संपवून भेटायला येतात तेव्हा काहींचा हात खरोखर बसलेला असतो. काही मात्र आमच्याकडे शिकलेलंही विसरून येतात. दोघांचे करार सारखेच नोंदलेले, त्यामुळे खात्याच्या तक्त्यात दोघंही सारखेच!

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली, २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावे लागतात. संख्या कमी पडली की दरमहा दंडाची तरतूद आहे. त्यामुळे संख्या भरते. पुढे काय होतं, ते सांगतो.

गेल्या वर्षी एका मुलाने मला त्याची वही दाखवली. रोजच्या कामाची नोंद, खाली सुपरवायझरची सही. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या: ड्रिलिंग, टॅपिंग, असेंब्ली. प्रत्यक्षात पोरगा कास्टिंगची बर (ओतीव भागाच्या कडेला राहिलेला खरबरीत धातू) काढत होता आणि दुपारनंतर पॅकिंगला. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात मिळाला का, विचारलं तर हसला. प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम उमेदवाराला देऊ नये, हे कायद्याच्या कलम ३० मध्येच आहे. तक्रार कोण करणार? सही त्याच सुपरवायझरची लागते.

सगळे मालक लबाड आहेत असं मी म्हणत नाही. लहान वर्कशॉपवाल्याचं दुखणं वेगळं आहे. नवखा पोरगा जॉब (मशीनवर घडवायचा भाग) बिघडवतो, टूल मोडतो आणि त्याला शिकवायला चांगला सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर, मशीन सोडून उभा राहतो. केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, मिळतो. २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. सेटरच्या वेळेचं कोणी काही देत नाही. शिवाय मुदतीनंतर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही, तसं थांबण्याचं बंधन पोरावरही नाही (करारात तसं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी). शिकवलेला पोरगा शेजारच्या कंपनीत जातो, मग शिकवायचं कशाला, असं तो मालक तोंडावर विचारतो. त्याचं अगदीच चुकतं असंही नाही.

म्हणून मागणं दोनच. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने हजेरीपटाबरोबर दोन पोरांची वही मागावी आणि त्यात लिहिलेलं एक काम तिथल्या तिथे करून दाखवायला सांगावं. पाच मिनिटांत कळतं. दुसरं, लहान कारखान्यांत शिकवणाऱ्या माणसाच्या तासांचे पैसे राज्याने द्यावेत, पण ही चाचणी पोरं पास झाली तरच. अनेक मालकांनी एकत्र येऊन प्रशिक्षण द्यायला कायद्याची हरकत नाही. चार वर्कशॉपांनी मिळून एक जाणता सेटर नेमला तर खर्च वाटला जाईल.

यासाठी माणसं कमी पडत असतील तर आम्हा निदेशकांना पाठवा. फक्त आगाऊ फोन न करता, आणि पहिली शिफ्ट चालू असताना.

आपला,
एक निदेशक