पूल कुठे मोडला, त्यालाही गुण द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल बांधायला लावून विद्यार्थ्यांना संरचना शिकवण्याची पद्धत उत्तम आहे, पण नोंद होते ती फक्त किती वजन पेलले याची. खरा धडा असतो पूल मोडतो त्या जागी. बहुतेक पूल सांधा उखडून किंवा वरची, दाबाखालची काडी बाकून कोसळतात. दोन सांध्यांमधली मोकळी लांबी दुप्पट झाली की काडी चौथ्या हिश्श्याच्या दाबालाच बाकते. म्हणून वरच्या पट्टीत मध्ये तुकडे घालून दोन-दोन काड्या जोडाव्यात. खालच्या पट्टीवर ताण असतो, तिथे सांधे जपावेत: टोकाला टोक न भिडवता 2-3 सेंमी एकमेकींवर चढवून पांढरा गोंद लावावा आणि चिमट्यांनी दाबून 24 तास वाळू द्यावे. घाई इथेच नडते. दोन्ही बाजूंचे ट्रस, म्हणजे काड्यांच्या त्रिकोणी जाळीच्या चौकटी, तिरप्या काड्यांनी एकमेकांना बांधले नाहीत, तर मजबूत पूलही आडवा कलंडतो.

चाचणीत मध्यावर बादली टांगून अर्धा-अर्धा किलो वाळू घालावी, प्रत्येक वेळी झोल मिलिमीटरमध्ये मोजावा. आधी काय मोडेल, हे विद्यार्थ्यांकडून चाचणीपूर्वीच कारणासह लिहून घ्यावे. निम्मे गुण त्या अंदाजाला असावेत, ही आमची आग्रहाची विनंती.

– स्थापत्य अभियांत्रिकीचे काही अध्यापक