साहित्यिक कार्यक्रमांची बातमी आधी मिळावी

मा. संपादक,
सादर नमस्कार.

चतुर्थी आटोपली की गोव्यात साहित्यिक कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो आणि तो शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीच्या सुमारास येणाऱ्या सणापर्यंत, चालतो. दिवाळी अंकांची प्रकाशने, ३० नोव्हेंबरची कवी बाकीबाब बोरकरांची जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि या सर्वांच्या अधेमधे पुस्तक प्रकाशने, कथावाचने, कविसंमेलने, लेखकांशी गप्पा असे बरेच काही पणजी, फोंडा, मडगाव, म्हापसा येथे होत असते. मात्र यांतल्या पुष्कळ कार्यक्रमांची पहिली वार्ता आम्हा गावांतल्या वाचकांना मिळते ती कार्यक्रम उरकल्यानंतर, दीपप्रज्वलनाच्या छायाचित्रासह. आपले दैनिकही त्याला अपवाद नाही, म्हणून हे पत्र.

आयोजक हल्ली निमंत्रणपत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि ती आपल्याच संस्थेच्या ग्रुपवर फिरत राहते. साहजिकच सभागृहात तीच ती मंडळी दिसतात, आणि अध्यक्षीय भाषणात ‘वाचक कमी झाला’ अशी खंत व्यक्त होते. तो कमी झाला असेल किंवा नसेलही. पण त्याला कळवले होते का, हे आधी विचारायला हवे. १९६४ साली कुसुमाग्रजांच्या अध्यक्षतेखाली मडगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेवढ्या मोठ्या सोहळ्याची वार्ता आपोआप पसरते. पंचवीस-तीस श्रोत्यांपुढे होणाऱ्या कथावाचनाचे तसे नसते. त्याला वर्तमानपत्राच्या चार ओळींचाच आधार असतो.

तेव्हा माझी विनंती अशी की, दर गुरुवारी किंवा शुक्रवारी पुढील आठ-दहा दिवसांतील साहित्यिक कार्यक्रमांची नोंद देणारे एक छोटे सदर आपण सुरू करावे. त्यात तारीख आणि स्थळ तर हवेच, पण कार्यक्रम संपण्याची अंदाजे वेळही हवी. ती कोणी देत नाही, आणि आमच्यासारख्यांचे सगळे गणित तिच्यावरच अवलंबून असते. पणजीत साडेपाचला ठरलेला कार्यक्रम प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत सव्वासहाला सुरू होतो, साडेसातला लेखक बोलायला उभा राहतो, आणि नेमके तेव्हाच सत्तरी, सांगे किंवा फोंड्याच्या आतल्या गावांकडे परतणाऱ्या श्रोत्याला बसच्या काळजीने चुळबुळ करत उठावे लागते. १८३२ साली स्थापन झालेले आपले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आता पणजीतल्या पाटो भागात आहे आणि तेथून पणजीच्या बसस्थानकावर चालत जाता येते. कांपाल किंवा दोनापावलला कार्यक्रम असेल तर मात्र स्थानकापर्यंत पोहोचण्याचीच वेगळी व्यवस्था पाहावी लागते. वेळ ठाऊक असली तर माणूस शेजाऱ्याच्या गाडीची सोय आधीच करून ठेवतो.

दुसरी गोष्ट, कार्यक्रमात प्रत्यक्ष काय होणार आहे, हे नोंदीत स्पष्ट असावे. पत्रिकेवर ‘काव्यवाचन’ असे ठळक छापलेले असते. पण स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगते हे सारे आटोपल्यावर कवीच्या वाट्याला दहा मिनिटे उरतात, आणि तीही ‘वेळेअभावी एकच कविता’ या सूचनेसह. लेखक स्वतः वाचणार आहे की त्याच्याविषयी इतर बोलणार आहेत, श्रोत्यांना प्रश्न विचारता येतील का, पुस्तक तेथे विकत मिळेल का, एवढे छापून आले तर आयोजकही थोडे शिस्तीने वागतील, असे मला वाटते. कार्यक्रम मराठीत आहे, कोकणीत आहे की दोन्हींत, तेही नमूद करावे. बाकीबाबांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली आणि श्रोते म्हणून आम्हीही दोन्हींकडे जातो. भाषेचा वाद ज्यांना घालायचा आहे त्यांनी तो खुशाल घालावा.

अशा सदराचा आणखी एक फायदा म्हणजे तारखा एकमेकींवर आदळणे कमी होईल. एकाच रविवारी संध्याकाळी फोंड्यात प्रकाशन आणि मडगावात कविसंमेलन, आणि नंतर महिनाभर कुठेच काही नाही, असे घडते, कारण एका संस्थेला दुसरीचा बेत ठाऊक नसतो. त्यातच नोव्हेंबरमध्ये पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो आणि गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात. जत्रेच्या रात्री गावातला माणूस नाटक सोडून व्याख्यानाला येणार नाही, आणि त्याने यावे अशी अपेक्षाही धरू नये.

नोंदी गोळा करण्यासाठी आपल्या तालुका वार्ताहरांना वेगळे राबावे लागू नये, म्हणून संस्थांनी आणि ग्रामीण वाचनालयांनी निदान आठवडाभर आधी आपल्याकडे माहिती पाठवावी, असे आवाहन आपणच करावे आणि छापण्यासाठी कसलेही शुल्क ठेवू नये. दिवाळीनंतरच्या कार्यक्रमांसाठी सभागृहे नवरात्राच्या सुमारासच ठरू लागतात. त्यामुळे हे आवाहन येत्या पंधरवड्यात प्रसिद्ध झाल्यास याच हंगामात त्याचा उपयोग होईल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
सावईवेरे, फोंडा