ओपन इलेक्टिव्हमध्ये मुले काय शिकली, हे एक्सेल कसे सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. त्यात ओपन इलेक्टिव्हला, म्हणजे मुलांनी निवडायच्या खुल्या ऐच्छिक विषयाला, 10 ते 12 क्रेडिट आहेत आणि तो विषय मुख्य विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. बी.कॉम.च्या मुलीने मानसशास्त्राची ओळख करून घ्यावी, बी.ए.च्या मुलाला आकडेवारी वाचता यावी, याला कोण नाही म्हणेल? चर्चा होते ती विषयांच्या याद्यांची आणि प्राध्यापकांच्या कार्यभाराची. मुलांना शेवटी काय आले, हे तपासण्याची रीत मात्र जुनीच आणि सदोष आहे.

बहुतेक ठिकाणी प्रत्येक विषयाचे चार-पाच कोर्स आउटकम (त्या विषयातून मुलांना काय यावे) लिहितात आणि संबंध किती घट्ट हे सांगणारे 1, 2, 3 असे आकडे देऊन ते प्रोग्राम आउटकमशी (पूर्ण पदवीतून काय यावे) जोडतात. मग गुण एक्सेलमध्ये जातात. ठरवलेल्या गुणांच्या वर 60 टक्के मुले गेली की लेव्हल 3, 50 टक्के गेली की 2, असा साधारण हिशेब. शेवटी 2.6 किंवा 2.8 असे काहीतरी निघते आणि नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांच्या मूल्यांकनासाठी, आयक्यूएसीच्या (कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या) फाइलला लागते. गणितात चूक नसते, घोळ असतो आत घातलेल्या गुणांत. अंतर्गत परीक्षेत 20 पैकी 17-18 सरसकट पडतात. पेपरातला एकेक प्रश्न तीन-तीन आउटकमना जोडलेला असतो, त्यामुळे पाचही आउटकमचे अ‍ॅटेनमेंट (किती साध्य झाले तो आकडा) जवळपास सारखेच येते. असा तक्ता दिसला की खुशाल समजावे, यात काहीच मोजलेले नाही. शिवाय गुणांचा उंबरठा कॉलेजनेच ठरवायचा, म्हणजे कमी पडले की तो खाली आणायला कुणाची आडकाठी नाही.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत हा प्रश्न जुना आहे. तिथली दोन वर्षांची पदवी साधारण 60 क्रेडिटची असते. इलिनॉय राज्यात त्यातली 37 ते 41 क्रेडिट एकट्या सामान्य शिक्षणाची, म्हणजे सगळ्यांनीच घ्यायच्या पायाभूत विषयांची. लेखन, तर्क, आकडेवारीची समज ही कौशल्ये कुठल्या एका विषयाची नसतात, म्हणून अनेक कॉलेजे विषयवार गुणांवर थांबत नाहीत. वर्षाला एकच कौशल्य घेतात, वेगवेगळ्या विषयांतून मुलांचे प्रत्यक्ष लिखाण गोळा करतात आणि समान रुब्रिकवर, म्हणजे प्रत्येक पातळीला काय अपेक्षित ते लिहिलेल्या तक्त्यावर, वाचतात. यासाठी तिथल्या महाविद्यालय-विद्यापीठांच्या एका संघटनेने 2009 पर्यंत तयार केलेली 1 ते 4 पातळ्यांची ‘व्हॅल्यू’ रुब्रिके बरीच वापरात आहेत. तिकडेही सगळे आलबेल नाही. हे नुसते कागद रंगवणे आहे, असे तिथले प्राध्यापकच अनेकदा म्हणतात. पण रीत घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे ते सहज जमेल. समजा, ओपन इलेक्टिव्हला 960 मुले आहेत. प्रत्येक तुकडीतला दर बारावा हजेरी क्रमांक घेतला की 80 असाइनमेंट होतात. नाव आणि पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) झाकून झेरॉक्स काढायच्या. प्रत्येक असाइनमेंट दोघांनी वाचायची. एका वाचनाला सहा मिनिटे धरली तरी सगळे मिळून 16 तास, म्हणजे चार प्राध्यापकांना प्रत्येकी चार तास. दोघांच्या पातळीत एकापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्याने वाचायचे.

वाचनाआधी सगळ्यांनी एकत्र बसून चार-पाच नमुने तपासणे टाळू नये. त्याशिवाय काय होते पाहा. प्रश्न असा: बेरोजगारीचा दर 6 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर गेला, तर वाढ किती? मुलगा लिहितो, ‘3 टक्के’. एक शिक्षक वजाबाकी बरोबर म्हणून पातळी 3 देतो. दुसरा म्हणतो, ही वाढ 3 टक्के-बिंदूंची आहे, मूळ दराच्या मानाने ती 50 टक्के होते, आणि पातळी 1 देतो. रुब्रिकमध्ये ‘आकडेमोड’ आणि ‘अर्थ लावणे’ हे दोन वेगळे रकाने असतील तर हे भांडण पाच मिनिटांत मिटते. नसतील तर तिसऱ्याने वाचूनही सरासरी 2 च्या आसपास निघते, आणि तिचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही.

बहुतेक वेळा गाडी अडते ती असाइनमेंटमध्ये. रुब्रिक विचारते, ‘माहितीचा स्रोत पारखला का?’ आणि असाइनमेंट असते ‘प्रदूषणाची कारणे लिहा’. जे मागितलेच नाही ते मुले लिहिणार कशी? म्हणून आधी प्रश्न बदलावा, मग मुले मोजावीत. दुसरा धोका नमुन्याचा. तुकड्या टक्केवारीनुसार पाडलेल्या असतील आणि ‘अ’ तुकडीचेच कागद उचलले तर निकाल फसवा येणार. ज्यांनी असाइनमेंट दिलीच नाही त्यांचा आकडाही शेजारी लिहावा. तो बराच बोलका असतो.

या पातळ्या मुलांच्या गुणपत्रिकेत जाऊ नयेत आणि प्राध्यापकांच्या गोपनीय अहवालात तर मुळीच नाही. गेल्या की पुढच्या वर्षी सगळ्यांना 4 मिळालेच म्हणून समजा.

विद्यापीठात अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांनी एवढेच करावे: दोन क्रेडिटच्या 50 गुणांपैकी 10 गुण विद्यापीठभर समान असलेल्या एका लेखी असाइनमेंटला ठेवावेत आणि तिचा प्रश्न व रुब्रिक सेमिस्टर सुरू होतानाच मुलांच्या हाती द्यावे. डिसेंबरात नमुना वाचून झाला की जूनच्या प्रवेशाआधी प्रश्न सुधारायला पुरेसा वेळ मिळतो.

आपला,
एक महाविद्यालयीन प्राध्यापक, सांगली