म्हापशाच्या बाजारातल्या त्या दोघींचे आभार

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माझी दीड वर्षांची लेक खांद्यावर मान टाकून पडली होती. आदल्या रात्रीपासून जुलाब आणि उलट्या. मला वाटलं, पेंगुळलीय. केळी विकणाऱ्या मावशींनी मात्र विचारलं, "बाय, हिनं शू कधी केली?" सकाळपासून लंगोट कोरडाच होता. रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नाही. मावशींनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच सपाट न होता सावकाश खाली बसली, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. माझ्या पोटात गोळाच आला.

औषधाच्या दुकानातली मुलगी ओआरएसचं पाकीट घेऊन धावत आली. मी ते पेलाभर पाण्यात ओतणार, तोच तिनं हात धरला. मोठं पाकीट अख्खं १ लिटर पाण्यातच घालायचं, कमी पाण्यात क्षार जास्त होऊन बाळाला अपाय होतो. मग चमच्याचमच्यानं, दर मिनिटा-दोन मिनिटांनी. उलटी झाली की १० मिनिटं थांबून पुन्हा. रिक्षाही मावशींनीच थांबवली.

डॉक्टरांनी १४ दिवस झिंक दिलंय. लेक आता घरभर धावते. घाईत तुमची नावंही विचारली नाहीत. मावशी, केळ्यांचे पैसे द्यायचे राहिलेत. येत्या शुक्रवारी तिला घेऊनच येते.