तरंगणाऱ्या दगडाबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

ग्रंथालयाच्या बालविभागात रोज कितीतरी मुलं तुमच्या टेबलापाशी येतात, त्यामुळे माझी लेक तुमच्या लक्षात असेलच असं नाही. नऊ वर्षांची, दोन वेण्या, आणि "मला ज्वालामुखीचं पुस्तक हवंय, पण खरं" असं ठणकावणारी. आता आठवली असेल.

त्या 'खरं'ला कारण मी होतो. आदल्या रात्री मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की पृथ्वीच्या पोटात लाव्हारसाचा समुद्र उकळतोय आणि वरच्या कवचाला भोक पडलं की तो बाहेर उसळतो. "मग सगळीकडूनच का नाही येत?" तिने विचारलं. मी दिवा मालवला आणि झोप म्हणालो.

तुम्ही लगेच पुस्तक काढलं नाहीत. खणातून एक राखाडी, भोकाभोकांचा दगड काढून तिच्या हातावर ठेवलात आणि पाण्याच्या वाडग्यात सोडायला सांगितलात. दगड तरंगला. तिचा चेहरा तुम्ही पाहिलात, आणि तरी काही बोलला नाहीत! मी असतो तर तेवढ्यात सगळं सांगून मोकळा झालो असतो. तिने तो तीनदा बुडवून पाहिला, भोकं मोजायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच म्हणाली, "आत हवा आहे का?" तेव्हा कुठे तुम्ही प्युमिस हा शब्द उच्चारलात. वायूंनी फसफसलेला शिलारस फेसासकट गोठला की असा दगड होतो, हे तिला एका वाक्यात पटलं, कारण निम्मं तिने आधीच ओळखलं होतं.

पुढचा प्रश्नही तुमचाच. सोड्याच्या बंद बाटलीत बुडबुडे दिसत नाहीत, झाकण उघडलं की येतात, मग आधी ते कुठे असतात? शिलारस वर येताना दाब कमी होतो आणि विरघळलेले वायू सुटतात. रस पातळ असेल तर ते सहज निसटतात आणि हवाईसारखा लाव्हा वाहत राहतो. रस चिकट असेल तर कोंडतात आणि 1980 साली अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचं झालं तसं डोंगराचं डोकंच उडतं. पाण्यात आणि मधात नळीने फुंकून पाहायचा प्रयोग आम्ही घरी केला. टेबल पुसायला अर्धा तास गेला. शाळेत मी व्हिनेगर-सोड्याचा पुठ्ठ्याचा ज्वालामुखी करून बक्षीस मिळवलं होतं. तो प्रयोग ज्वालामुखीचा नव्हताच, हे मला पन्नाशीला टेकताना कळलं.

मग पुस्तक उघडलंत. चित्रात कवचाखालचं सगळं लालभडक रंगवलेलं होतं. तुम्ही त्यावर बोट ठेवून म्हणालात, "या रंगावर जाऊ नकोस हं." प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, तापलेलं असलं तरी बहुतेक घन खडकच आहे, तो लाखो वर्षांत हळूहळू सरकतो. तो वितळतो मोजक्या जागी: जिथे भूपट्ट, म्हणजे कवचाचे मोठमोठे सरकते तुकडे, एकमेकांपासून दूर जातात आणि दाब उतरतो, जिथे एक पट्ट दुसऱ्याखाली जाताना सोबत पाणी नेतो, किंवा हवाईसारख्या जागी, जिथे खोलातून जास्त तापलेला खडक वर चढतो. म्हणून सगळीकडून येत नाही. माझ्या लेकीला तिचं उत्तर मिळालं. ती चूक कोणाची, हे ती तुम्हाला सांगून मोकळी झाली होती आणि मी तिच्या मागेच उभा होतो; पण तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. या सभ्यतेबद्दल वेगळे आभार.

घरी नेलेल्या पुस्तकांतलं तिचं आवडतं पान पारिकुतिनचं. 20 फेब्रुवारी 1943 रोजी मेक्सिकोत दिओनिसिओ पुलिदो या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली. 1952 साली सगळं थंडावलं तेव्हा तिथे 400 मीटरहून उंच डोंगर उभा होता. "एवढ्यात डोंगर?" म्हणून ती हिमालयाकडे वळली, आणि तिथे अडकली. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकात समुद्री जिवांचे अवशेष आहेत, आणि समुद्राचा तो तळ वर उचलणारी भूपट्टांची टक्कर सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी सुरू होऊन अजून चालूच आहे, हे तिने मला जेवताना, झोपताना, दात घासताना ऐकवलं.

समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्पचं पुस्तक मात्र तिने मागितलं नव्हतं. ते तुम्ही पिशवीत सरकवलंत. बायकांना संशोधन जहाजांवर घेत नसत, त्या काळात, 1950च्या दशकात, ही बाई टेबलाशी बसून समुद्राच्या खोलीचे आकडे कागदावर मांडत होती. त्यातून तिला अटलांटिकच्या तळातल्या पर्वतरांगेमधली लांबच लांब दरी दिसली. सहकाऱ्याने आधी ते बायकी बडबड म्हणून उडवून लावलं. पुढे खंड सरकतात या कल्पनेला त्याच दरीने बळ दिलं. लेकीने आता आलेखाची वही मागितली आहे. कशासाठी, ते सांगत नाही.

तुम्ही उसना दिलेला प्युमिस अजून आमच्याकडेच आहे, उशिराबद्दल माफ करा. भोकांत पाणी शिरून तोही कधीतरी बुडतो, असं तुम्ही जाता जाता म्हणालात ना? तो बादलीत आहे आणि वहीत रोज सकाळी नोंद होते. आज एकविसावा दिवस. तरंगतोय.

तुमचा,
एका वाचक मुलीचा बाबा